मी लिहिलेला एकचा आकडा

सकाळपासून किती वेळा संडासला गेलात, असं भरल्या ओपीडीत, शेजारी जावई उभा असताना, तुम्हाला कोणी विचारलं तर तुम्ही खरा आकडा सांगाल?

माझ्या हौशीआत्याने सांगितला नाही. तिला जाऊन आता सहा आठवडे झाले. फोन आला तेव्हा मी पनवेलच्या छापखान्यात होते. आमच्या भागातल्या गढूळ पाण्यावरच्या पत्रकाचं प्रूफ हातात होतं. तीन दिवस हॉस्पिटलात आळीपाळीने बसलो होतो आम्ही, त्या सकाळी पाळी तिच्या मुलाची, नितीनची होती. तो एवढंच म्हणाला, "आई गेली. तू ये." मी खाली बसले, हातातल्या प्रूफमधली एक चूक दुरुस्त केली आणि मग निघाले. ती चूक मी का दुरुस्त केली, हे मला अजून सांगता येत नाही... चूक दिसली, हातात पेन होतं, एवढंच.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. माहेर मोरा बंदरातलं, सासर पनवेलच्या कोळीवाड्यातलं. नवरा लवकर गेला आणि तिने मासळीची पाटी डोक्यावर घेतली. माझे बाबा पत्रकं लिहायचे : गावच्या जमिनींसाठी, मिठागरात राबणाऱ्यांसाठी, शाळेतल्या नसलेल्या मास्तरांसाठी. ती पत्रकं गावोगाव पोचवायची आत्या. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, बोंबलांखाली. लहानपणी मला वाटायचं, छापलेल्या कागदाला मासळीचाच वास असतो. तिला जेमतेम सही करता यायची. तरी प्रत्येक पत्रक ती बाबांकडून वाचून घ्यायची आणि मधेच थांबवायची, "हा शबुद कोनाचा? तुजा का त्यांचा?" त्यावरूनच बाबांनी घरात एक नियम केला होता, तो मी अक्षरओळख झाल्यापासून ऐकत आले : माणूस सांगेल तेच लिहायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही.

गेल्या वर्षी तिच्या मोठ्या आतड्यात गाठ सापडली. शौचातून रक्त जात होतं ते किती महिने, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. ऑपरेशन झालं, पण रोग पुढे सरकला होता. डॉक्टरांनी तिला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. नेहमीच्या केमोच्या गोळ्या सगळ्यांनाच, काही जणांना त्यासोबत एक नवं औषध, आणि कोणाला काय मानवतं ते तपासायचं. संमतीचा कागद मराठीत होता, बराच लांब. मी तो तिला शब्दन्‌शब्द वाचून दाखवला. तिने पूर्ण ऐकला आणि डॉक्टरांना म्हणाली, "माज्यावर करून बगनार तर बगा. पन एक सांगते, मी शिली कोलंबी ताजी म्हनून इकत नाय. तुमीबी मना खोटं सांगू नका." डॉक्टर हसले, म्हणाले, "मावशी, हे दोन्ही बाजूंनी हवं." तिने सही केली. त्या वाक्यावर आम्ही दोघींनी तेव्हा फारसं लक्ष दिलं नाही.

उपचारापुरती ती नवीन पनवेलला आमच्याकडे राहायला आली. अभ्यासातल्या प्रत्येकाला एक निळी डायरी मिळते. रोज लिहायचं : गोळी किती वाजता घेतली, उलटी, तोंड येणं, हातपाय सोलणं, जुलाब किती वेळा. ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की गोळ्या थांबवायच्या आणि लगेच फोन करायचा. आत्याची डायरी लिहायचं काम माझं. गोळ्यांची पहिली फेरी नीट गेली. दुसऱ्या फेरीत नितीन मासेमारीच्या बोटीवर गेला, नऊ-दहा दिवसांसाठी, आणि आत्याचं सांगणं बदललं.

"जुलाब किती?"

"एक ल्ही."

"आत्या, तू आत्ता चहा पिताना दोनदा उठलीस."

"बोट बाहेर हाय, बाय. मानूस समिंद्रात आसताना घरात वायट बोलत नाय. मग ल्हायचं कसं? सासूनं सांगलेलं हाय मना. बोट आली का समदं सांगन."

मी अंधश्रद्धेवर तीन पत्रकं लिहिलेली मुलगी. वाद घातला. ती म्हणाली, "तुजा पोर समिंद्रात जाऊ दे, मग मना शिकव." आणि मग मी ते केलं, ज्यासाठी हा लेख लिहिते आहे. मी 'एक' लिहिलं. मनाशी म्हटलं, डायरी तिची, शब्द तिचे, माणूस सांगेल तेच लिहायचं. इतकी वर्षं जपलेला नियम मी आडोशासारखा वापरला. रोज संध्याकाळी, व्यवस्थित अक्षरात, एक... एक... एक.

खुणा सगळ्या होत्या. संडासात गेली की ती नळ मोठा सोडून ठेवायची, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. दिवसभर आमच्या घरात तो नळ वाहत असायचा. बाबा बाहेरून चेष्टा करायचे, "आक्का, पानी आपलं नाय, पालिकेचं हाय." आतून उत्तर यायचं, "मग पत्रक काढ." आम्ही हसायचो. तळवे लाल होऊन सोलत होते, ती म्हणायची, बर्फात हात घालून घालून असेच आहेत. मंगळवारी हॉस्पिटलमधून संशोधनाचं काम बघणाऱ्या सिस्टरांचा फोन आला. मी डायरी वाचून दाखवली. त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की एकदाच?" मी म्हणाले, "त्या तसंच सांगतात." हे वाक्य खरं होतं. मी आयुष्यात इतकं खोटं दुसरं काही बोललेली नाही.

शुक्रवारी ती संडासाच्या दारात पडली. नळ चालूच होता. हॉस्पिटलात नेईपर्यंत तिच्या अंगातलं पाणी इतकं कमी झालं होतं की नर्सला शीर सापडेना. मूत्रपिंडं थांबत आली होती, रक्तात जंतू पसरले होते. डॉक्टरांनी डायरी उघडली, बराच वेळ बघितली आणि विचारलं, "ही कोणी लिहिली?" मी म्हणाले, "मी." ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी दुपारी नितीन मोऱ्याच्या धक्क्यावरून थेट वॉर्डात आला. अंगाला डिझेलचा आणि मासळीचा वास. बोट सुखरूप लागली होती. आत्याने त्याचा हात चाचपला, म्हणाली, "आलास रं?" मग संशोधनाच्या त्या सिस्टरांना जवळ बोलावलं. "आता ल्ही," म्हणाली. आणि सांगत गेली. सोमवारी पाच. मंगळवारी सात, त्यात दोन वेळा रगात. बुधवारी नऊ. एकही दिवस चुकला नाही. उभ्या बाजारात कोणाला किती पापलेटं दिली ते लक्षात ठेवणारी बाई, तिने सगळं मोजून ठेवलं होतं, फक्त बोट लागायची वाट बघत होती. सिस्टर लिहीत होत्या, आणि मी लिहिलेल्या प्रत्येक 'एक'वर एक रेघ मारून, शेजारी खरा आकडा आणि तारीख टाकत होत्या. ते संपल्यावर आत्या म्हणाली, "झाला ना तुमचा कागद खरा?" सोमवारी सकाळी गेली.

नंतर सिस्टरांनी मला एक गोष्ट सांगितली. आत्याला जो डोस मिळाला तो कोणीतरी आधीच्या अभ्यासांत खरे आकडे लिहिले म्हणून ठरला होता. कोणीतरी अनोळखी माणसांनी, लाज बाजूला ठेवून, आपले जुलाब मोजून लिहिले होते. औषधाचं संशोधन फक्त प्रयोगशाळेत होत नाही, ते संडासाच्या दारात होतं, आणि तिथे आपण नळ सोडून बसतो. मला आत्याच्या सासूवर राग नाही. समुद्राला घाबरणाऱ्या बाईला मी काय शिकवणार? मला राग आहे तो आपल्या सगळ्यांच्या सभ्यपणाचा, जो पोटाखालच्या अवयवांचं नाव घेताना आवाज खाली आणतो. बाईला हा प्रश्न पुरुषांच्या गर्दीत विचारणाऱ्या प्रत्येक ओपीडीचा. आणि सगळं दिसत असताना, दुसऱ्याच्या शब्दामागे लपणाऱ्या माझ्यासारख्या शिकलेल्या मुलींचा. बाबांचा नियम अर्धा होता. सांगेल ते लिहायचं, पण दिसेल तेही लिहायचं, आणि दोन्ही जुळत नसतील तर जोरात ओरडायचं.

पुढच्या फेरीची निळी डायरी माझ्या टेबलावर आहे, कोरी. परत करायची राहिली. तिच्यावर सिस्टरांच्या अक्षरात आत्याचं नाव आहे. घरात अजून कोणी संडासातला नळ मोठा सोडला की बाबा वर्तमानपत्र खाली ठेवतात. चेष्टा आता कोणी करत नाही.

तुमच्या घरात कोणी अशा गोळ्या घेत असेल तर आज एक काम करा. बाकीच्यांना बाहेर पाठवा, दार लावा, तिच्याजवळ बसा आणि आकडा विचारा. ती 'एक' म्हणाली तर पेन उचलू नका. दुसऱ्यांदा विचारा. तिने खरं सांगितलं की तो आकडा लिहा, आणि संध्याकाळची वाट न बघता हॉस्पिटलला फोन करा.