टेकचंदच्या पुस्तिकेतलं ‘भेव’

“राजू, तू इटियाडोहात मेला होता ना? मंग सांग मले, कसा वाटते?”

दवाखान्याच्या खाटेवरून, भर दुपारी, टेकचंदनं मला हे विचारलं. थोड्या वेळानं त्याला ऑपरेशनसाठी आत नेणार होते. पोटातल्या दुखण्यानं माणूस अर्धा झाला होता, पण डोळे मोठे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत इतकी भीती होती की मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. चूक माझी नव्हे, माझ्या तोंडाची. इटियाडोहच्या धरणात मी बुडालो, मेलो, वर जाऊन आलो आणि वरच्यांना माझी बडबड सहन होईना म्हणून त्यांनी मला परत खाली पाठवलं, ही गोष्ट मी नागऱ्याच्या महादेवाची शपथ घेऊन गोंदियात इतक्यांदा सांगितली आहे की माझ्या दुकानासमोरचा पानवालाही ती स्वतःची म्हणून सांगतो. पण कोणी ती अशी विचारेल, तिच्या भरवशावर ऑपरेशनला आत जाता येईल का हे पाहायला... असं कधी वाटलं नव्हतं.

टेकचंद जाऊन आता महिना उलटून गेला. चिचगडचा, धानाच्या शेतीतल्या घरातला, तिथल्याच शाळेत कॉम्प्युटर शिकवणारा मास्तर. त्याच्याइतका भित्रा माणूस पूर्ण जिल्ह्यात झाला नाही. चिचगडच्या रस्त्यावर एक गाडी गेली की दुसरी यायच्या आत पोरं मोठी होऊन लग्नाला येतात, तरी हा रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहायचा, मग वर पाहायचा. मी म्हणायचो, “वरून का येते बे?” तर म्हणायचा, “आलं नाही अजून. म्हणूनच पाहून राहिलो.”

पहिल्यांदा तो माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आला तेव्हा कडेवर दुपट्ट्यात गुंडाळलेला सीपीयू होता. देवरीला गाडी बदलून, आजारी लेकरू आणावं तसा त्यानं तो एसटीनं आणला होता. शाळेतल्या मशीन जुन्या, म्हणून त्यांवर फुकटात मिळणारं लिनक्स होतं. त्यात नवं सॉफ्टवेअर बसवायचं किंवा जुनं काढायचं म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. पोरं एक गेम खेळत बसत, म्हणून मास्तरनं तो काढायची आज्ञा दिली. मशीननं विचारलं, याच्यासोबत हेही हेही जाईल, चालेल का? मास्तरनं न वाचता ‘हो’ म्हटलं. गेम गेला, आणि त्याच्यामागे खिडक्या, चित्रं, बाण, सगळं घरदार गेलं. उरला नुसता काळा पडदा.

“तिनं विचारलं होतं भाऊ,” तो पुन्हा पुन्हा सांगत होता. “माणसासारखं विचारलं होतं. मीच हो म्हटलं.”

प्रॅक्टिकलच्या परीक्षा तोंडावर होत्या. त्याचे हात असे थरथरत होते की माझ्या काउंटरवरचे स्क्रू नाचायला लागले. मी सीडी घातली, सगळं परत बसवून दिलं, आणि वर एक भाषण दिलं की सॉफ्टवेअर म्हणजे नवरदेव आहे. एकटा येत नाही. एकाला बोलावलं की मामा, मावसा, बँडवाले, सगळी वरात येते, आणि त्यातला एक रुसला तर नवरदेव मांडवातच शिरत नाही. टेकचंदनं हे गंभीरपणे ऐकलं आणि विचारलं, “मंग कोण कोणाच्या सोबत येते, हे कुठे लिहून आहे?”

लिहिलेलं होतं. मशीनमध्येच होतं, इंग्रजीत, पानंच्या पानं. तो ती वाचायचा, त्याला समजायचीही. पण धीर येत नव्हता. चिचगडला तेव्हा इंटरनेट नव्हतं. मी गोंदियात सगळं उतरवून सीडीवर भरून द्यायचो, तो ती छातीशी धरून घेऊन जायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत हजर... एक मावसा राहून गेला, भाऊ! कंडक्टर त्याला पाहिलं की विचारायचे, “आज कोण रुसलं मास्तर?” अशा खेपा घालता घालता त्यानं स्वतःच मराठीत पुस्तिका लिहायला घेतली. प्रत्येक आज्ञेचं नाव, ती कशी टाइप करायची, तिनं काय होतं. हे तर इंग्रजीतही होतं. पण यानं प्रत्येक आज्ञेखाली एक चौथा मथळा घातला : ‘भेव’.

मी हसून हसून खुर्चीवरून पडलो. लोक पुस्तकात गुण लिहितात, हा भीती लिहितो! पण त्याचं म्हणणं असं, की त्या इंग्रजी पानांत काय करायचं ते सगळं आहे, करताना माणसाच्या पोटात काय होते ते कुठेच नाही. काढून टाकायच्या आज्ञेखाली त्यानं लिहिलं : ‘मशीन यादी दाखवते. त्यातली नावं तोंडानं मोठ्यानं वाचा. ओळखीचं नाव आलं तर हात मागे घ्या. हो म्हणायची घाई नाही, मशीन रागावत नाही.’

मीही मदत करायला गेलो. म्हटलं, “लिही, या ठिकाणी पडद्यातून धूर निघतो आणि तीन गावांची लाइन जाते.”

“पाह्यलास?”

“नाही पाह्यला तर का झालं? वाचणारा शुद्धीवर राहील.”

“चालवून पाह्यलं का, एवढं सांग.”

हा त्याचा एकच नियम. स्वतः चालवून, डोळ्यानं पाहिलं नाही ते पुस्तिकेत जाणार नाही. त्यापायी माझी किती उत्तम वाक्यं त्यानं मारली, त्याचा हिशेब नाही.

पुढे एकदा सगळ्या मशीन नव्या आवृत्तीवर न्यायच्या ठरल्या. सीडीचा गठ्ठा घेऊन मीही चिचगडला गेलो. बाहेर लोडशेडिंगची टांगती तलवार. आम्ही जनरेटर लावून सुरुवात केली. निम्म्यात पडदा थांबला. ओळी धावत होत्या त्या थांबल्या. एक मिनिट, पाच मिनिटं... काहीच नाही. पोरं गप्प. मी, ज्याचा आवाज गोंदियात चढला की बालाघाटची कुत्री भुंकतात, तोही गप्प. हेडमास्तर गोंदियाचे, ते कपाळ पुसत म्हणाले, “अरे भाई, मर गया ये. बंद करके फिर चालू करो ना!” आणि बटणाकडे हात नेला.

“हात नका लावू सर.”

टेकचंद बोलला होता. पांढराफटक पडलेला, ओठ कोरडे, पण बटणावर त्याचा पंजा होता. “मधात बंद केलं तर जुनंही राहणार नाही, नवंही राहणार नाही. थांबा.” दुसऱ्या हातानं त्यानं माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की माझी बोटं निळी झाली. हे मी वाढवून सांगत नाही. आम्ही तसेच बसलो. आणि मग, जणू काही झालंच नव्हतं अशी, एक ओळ सरकली. मग दुसरी.

त्या संध्याकाळी त्यानं ‘भेव’खाली लिहिलं : ‘मधात बराच वेळ काहीच हालत नाही. मशीन मेली असं वाटते. मेली नसते. बटन दाबू नका. बाजूला कोणाले तरी बसवून घ्या.’

ती पुस्तिका झेरॉक्स होत होत देवरी, आमगाव, सालेकसा, अर्जुनी, कुठे कुठे पोचली. मागच्या पानावर माझ्या दुकानाचा फोन नंबर त्यानं मला न विचारता छापला. कारण दिलं, “तुले बोलाले आवडते ना.”

आणि आता हाच माणूस खाटेवरून विचारत होता, कसा वाटते. कोपऱ्यात त्याची बायको, अनसूयावहिनी, डब्याची कडी उगाच लावत-काढत होती.

मी सुरू केलं. दुसरं येतं काय मला? “पाण्याखाली हिरवा उजेड असते बे. गार वाटते. मासे असे बाजूला होतात, जशे का आपण लग्नातले पाहुणे...”

“चालवून पाह्यलास?”

अगदी हळू विचारलं त्यानं. मी महादेवाची शपथ घ्यायला तोंड उघडलं.

“नाही बे,” मी म्हटलं. “काठावर घसरलो होतो. घोट्याएवढं पाणी होतं.”

तो हसला. पोट धरून, कळ दाबत हसला. “मले माहीत आहे. पूर्ण जिल्ह्याले माहीत आहे.” मग हसू ओसरलं आणि ते डोळे परत आले. “राजू, मले लय भेव लागून राहिलं. याच्या खाली का लिहू, सांग ना.”

“लिही, राजू बाजूला बसून आहे.”

“हे चालवून पाह्यलास?”

“हे आत्ता चालूच आहे.”

त्यानं माझं मनगट धरलं. स्ट्रेचर येईपर्यंत सोडलं नाही.

ऑपरेशननंतर तो शुद्धीवर आला नाही. मी खाटेच्या कडेवर बसून होतो. श्वास यायचा, थांबायचा... बराच वेळ काहीच हालत नव्हतं, मग यायचा. प्रत्येक खेपेला मी मनात म्हणायचो, बटन दाबू नका, बटन दाबू नका. सिस्टर म्हणाल्या, “भैया, टाइम हो गया, बाहर बैठिए.” मी म्हटलं, “सिस्टर, मधात उठलो तर बिघडते.” त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग त्यांनी मला एक स्टूल आणून दिलं. त्यानंतर एकदा श्वास थांबला. आम्ही वाट पाहिली. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी हातानं खुणावलं, थांबा... अजून थांबा.

मी किती वेळ खुणावत होतो, ते मला आठवत नाही. वहिनींनीच माझा हात खाली घेतला.

अजून फोन येतात. मागच्या आठवड्यात अर्जुनीकडच्या एका बाईंचा आला, तिथल्या शाळेत शिकवतात. “भाऊ, तुमचा नंबर पुस्तिकेवर आहे. पडदा थांबून राहिला. काऊन थांबला? बंद करू का?”

“नका करू बाई,” मी म्हटलं. “मी आहे फोनवर.”

आणि मी, गोंदियाचा सगळ्यात मोठा बडबड्या, गप्प बसलो. पलीकडे वर्गातला पंखा कुरकुरत होता, बाईंचा श्वास ऐकू येत होता. गिऱ्हाईक काउंटरवर येऊन उभं राहिलं, काही विचारून निघून गेलं. माझ्या हाताला घाम फुटला, फोन निसटायला लागला, तो मी दोन्ही हातांनी धरला. पूर्वी मला ठाऊक असायचं की ओळ सरकणार. आता ते ठाऊक नाही.

“भाऊ... आहात ना?”

“आहो,” मी म्हटलं. “बसून आहो.”