अपघाताचं ठिकाण

आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या चाकणच्या त्या कारखान्यातून फोन आला की माझं डोकं थेरगावातल्या ऑफिसातच तापायचं. नाशिक रस्त्यावर ट्रेलरच्या मागे रखडत जायचं आणि पोचल्यावर ऐकायचं काय, तर "मॅडम, आम्ही काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं." आपोआप काही बंद पडत नसतं हो.

एकदा असाच अडकला होता अपघाताचा रिपोर्ट. सेव्ह केलं की लाल अक्षरांत यायचं: हे फील्ड डेटाबेसमध्ये सापडत नाही. फील्ड, म्हणजे फॉर्ममधला रकाना, होतं 'अपघाताचं ठिकाण'. कारण लगेच कळलं. नवं फील्ड आधी सिस्टिमच्या चाचणीच्या कॉपीत घालून नोंदवायचं आणि मग चालू सिस्टिमवर न्यायचं, हा नियम. आपल्याकडे मात्र "लाइव्हवरच टाक रे, नंतर बघू" ही पद्धत. कुणीतरी ते तसंच टाकलं होतं. आमच्या अपडेटनं डेटाबेस नव्यानं मांडला, तेव्हा कुठेच नोंद नसलेलं फील्ड उडालं. स्क्रीन बिचारी ते मागत राहिली.

रिसेप्शनमध्ये एक बाई बसली होती. मराठवाड्यातली, एका कंत्राटी कामगाराची बायको. नवऱ्याचा उजवा हात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनमध्ये गेला होता आणि तो हॉस्पिटलात पडून होता. कामावरचा अपघात म्हणून कंपनीचा रिपोर्ट गेला, तर विम्यातून त्याला कायमची पेन्शन लागणार होती. ती रोज यायची आणि रोज तिला सांगितलं जायचं, "एरर आहे, उद्या या."

"एररवाल्या ताई तुमीच का?" तिनं मला विचारलं. "आज व्हईल ना?"

"झाल्याशिवाय मी इथून हलत नाही," मी म्हणाले. तोंडदेखलं नव्हतं ते. एका रकान्यासाठी तिला असं हेलपाटे घालायला लावतात, याची मला चीड आली होती.

फील्ड परत घातलं, या वेळी रीतसर नोंदवून. बॅकअपमधून जुनी माहिती आणली, कॉपीत सेव्ह करून पाहिलं, मग लाइव्हवर. दुपारपर्यंत सगळं चालू झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी एचआरच्या साहेबांना बोलावलं आणि खुर्ची दिली.

ते सावकाश टाइप करत होते. नाव, तारीख, कुठली इजा. मग कर्सर माझ्या फील्डवर आला. त्यांनी लिहिलं, 'कंपनीबाहेर, रस्त्यावर.' सेव्ह केलं. हिरवी टिक आली.

"अहो, त्याचा हात प्रेसमध्ये गेला ना?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुमचं काम एररचं होतं मॅडम. गेली ना एरर? चहा घेऊन जा."

अंगाचा तिळपापड झाला. पण रकाना भरलाय की रिकामा, एवढंच सॉफ्टवेअर बघतं, आणि ते मीच तर तसं चालू करून दिलं होतं. मी तडक रिसेप्शनमध्ये गेले. ती उठून उभी राहिली. "झालं का?"

मी तिला सगळं सांगितलं, काय लिहिलंय तेसुद्धा.

"रस्त्यावर?" ती म्हणाली. "ते तर फर्स्ट शिफ्टला आत गेलते." मग खाली बसली आणि पदर बोटाला गुंडाळू लागली.

"मग एरर होती तेच बरं होतं की, ताई."