भिंगरी आणि दलदलीतली कासवी

भरती-ओहोटी पाहून खाडीच्या बांधावरच्या झडपा उघडायच्या आणि लावायच्या, एवढंच त्याचं काम. मधला वेळ खुर्चीत निवांत बसावं. पण त्याला बसवेल तर शपथ! जेवतानासुद्धा ताट हातात घेऊन येरझारा. म्हणून सगळे त्याला भिंगरी म्हणत.

त्या दुपारी एक कासवी बांधावर चढून आली. पाठीच्या प्रत्येक खवल्यावर एकात एक वलयं, आणि राखाडी मानेवर शाई शिंपडल्यासारखे ठिपके. दलदलीतल्या मचूळ पाण्यातला हा जीव, उन्हात मरायचा! त्या धास्तीने भिंगरीने तिला उचलून पाण्यात सोडलं. ती परत आली. त्याने पुन्हा सोडलं. ती पुन्हा हजर!

"अहो, किती छळाल तिला?" डबा घेऊन आलेली बायको कडाडली. "अंडी घालायला आलीय ती. भरतीचं पाणी पोचणार नाही अशी कोरडी वाळू शोधतेय. आता हलू नका, नाहीतर घाबरून निघून जाईल."

भिंगरी मटकन खाली बसला. कासवी मागच्या पायांनी खड्डा उकरू लागली. त्याचे पाय शिवशिवत होते, बोटं चुळबुळत होती, पण तो जागचा हलला नाही. गुलाबीसर अंडी एकेक करून खड्ड्यात पडली. कासवीने वर वाळू लोटली आणि ती पाण्याकडे वळली.

"बसता येतं की तुम्हाला," बायको म्हणाली. "माझ्या दोन्ही बाळंतपणांत मला दाराबाहेर तुमच्या चपलाच तेवढ्या ऐकू येत होत्या."