ढोकीच्या तळ्याची माती आणि धुतलेल्या पिशव्या

ढोकीला जाऊन तळ्यातलं गवत आणि चिखल आणणार म्हटल्यावर वसतिगृहात माझी यथेच्छ टर उडाली. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. माझा एम.एस्सी.चा विषय होता पाणवनस्पती आणि त्यांच्याखालची माती. आठवड्यात प्रबंध दिला नाही, तर वर्ष वाया जाणार होतं.

येडशीला रेल्वेतून उतरले. तिथून एसटी, तिकिटापेक्षा स्टँडवरची भजी महाग पडली, कारण मी दोनदा घेतली. उसाच्या ट्रॅक्टरांमागे बस रखडत गेली. तुम्ही जाणार असाल तर दिवाळीनंतर जा, पाणी ओसरलेलं असतं. बूट नेऊ नका. माझा एक चिखलातच राहिला.

पाझर तलाव गावाबाहेर, बहात्तरच्या दुष्काळी कामावर खोदलेला. दिवसभर पाणकणीस, लव्हाळे उपटले. पाच जागांची माती पाच कापडी पिशव्यांत भरून वर शाईने आकडे घातले. मुक्काम सोनाबाईंकडे, त्या आमच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या थोरल्या बहीण. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन मी मेल्यासारखी झोपले.

सकाळी अंगणात आले, तर पाचही पिशव्या दोरीवर, पांढऱ्याशुभ्र. मी धावत सोनाबाईंना गाठलं.

"मावशी, माती कुठंय?"

"सुपात हाय की. पाव्हणीला मळक्या पिशव्या देऊन कसं धाडावं?"

पाच ढीग वेगळे होते, पण आकडे धुऊन गेले होते. गाडी दुपारची. मी सरळ रडायला लागले.

"आवं बाई, रडता कशापायी?" सोनाबाईंनी एकेका ढिगातली चिमूट चुरली, हुंगली, जिभेला लावली. "ही पाणकणसाखालची, वास येतुया. ही लव्हाळ्याची, मुळ्या बघा. ही उसाच्या रानाकडची, चोपण. पानी मुरंना हिच्यात, खारट लागती."

उरलेल्या दोन्हीही त्यांनी सांगितल्या. मी वहीतल्या नोंदी काढून रंग, पोत ताडून पाहिले. पाचही बरोबर. इतकं हायसं वाटलं की मी त्यांना मिठीच मारली.

"तुम्हाला कसं कळलं, मावशी?"

"ते तळं आमीच खोदलंय. पाट्या वाहिल्यात डोक्यावर. घामासंगं तोंडात जायची ती."

गाडी मिळाली, प्रबंध वेळेत गेला. 'नमुने कसे ओळखले' याखाली मी 'चव घेऊन' लिहिलं होतं. मार्गदर्शक सरांनी ते खोडलं आणि मी खोडू दिलं. त्याची चुटपुट राहिली. पुढे शिकवायला लागल्यावर पहिल्याच तासाला मी मातीची चिमूट जिभेवर ठेवायचे. मुलं तोंडं वेडीवाकडी करायची. मग मी सोनाबाईंचं ते शेवटचं वाक्य सांगायचे, आणि एकेक मूल पुढे येऊन चिमूट उचलायचं.