रविवारी मोजलेला वारा

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. ती पवनचक्की उभी राहायच्या आधीच मला माहीत होतं, की पावसाळा सरला की ती फिरणार नाही.

खडकवासल्याच्या मागच्या डोंगरावर एक वाडी होती, तिथे वीज नव्हती. हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत तेव्हा पैसा नवा होता आणि सगळ्यांना काहीतरी चांगलं करायचं होतं. वाडीसाठी पवनचक्की उभारायचं ठरलं, आणि वारा मोजायचं काम माझ्याकडे आलं. आम्ही वर जायचो ते रविवारी आणि पावसाळ्यातच. पुण्याची माणसं डोंगर चढतात तेव्हाच. आषाढात छत्री उलटी होत होती. आकडे भरघोस आले. कसबा पेठेतल्या सुताराकडे लाकडी पाती तासायलाही दिली.

मार्गशीर्षात मात्र मी एकटाच वर गेलो. वारा मोजायच्या यंत्राच्या वाट्या दिवसभर हलल्या नाहीत. सोमवारी सांगायचं, असं उतरताना पक्कं केलं होतं. सोमवारी साहेबांनी उद्घाटनाचे पाहुणे कोण कोण ते सांगितलं. मी मान हलवली.

चक्की जूनमध्ये सुरू झाली, पेपरात फोटो आला. दिवाळीपर्यंत ती थांबली. त्यानंतर सरकारी विजेचे खांब खालच्या गावापर्यंत आले आणि तिथेच थांबले. वाडीतले एक आजोबा पुण्यात आले, मला घेऊन वीज कार्यालयात गेले.

"तुमच्याकडे वीज आहे," कारकून म्हणाले. "पेपरात वाचलं आम्ही. आम्हालाही वाचता येतं."

"सायेब, पंखा हाय. पर पावसापुरताच फिरतो. बाकीचं साल अंधारच की."

"मग वाऱ्याकडे अर्ज करा." ते माझ्याकडे वळले. "आपण?"

"कंपनीतून आलोय."

"मग आपणच सांगा. चालते का चक्की?"

त्या एका उत्तरावर वाडीचे खांब अडले होते. मला साहेब दिसले, तो फोटो दिसला, माझे आकडे दिसले.

"चालते," मी म्हणालो. "थोडी दुरुस्ती बाकी आहे."

कारकुनांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

बाहेर आल्यावर आजोबांनी टोपी नीट केली. "मग दुरुस्तीला कवा येताय?"

दुरुस्त करण्यासारखं त्या चक्कीत काहीच नव्हतं. "येतो," म्हणालो. गेलो नाही. पुढे नोकरी बदलली, दोनदा. वाडीत खांब पोचले का, हे विचारायचंही धाडस झालं नाही.

त्या कारकुनांसमोर द्यायचं खरं उत्तर मी अजून त्या वाडीला देणं लागतो.