घरच्या माणसाचे आमंत्रण

गड चढण्याचे माझे वय नव्हे आणि तशी प्रकृतीही नव्हे. डिचोलीच्या मामलेदार कचेरीसमोर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहिणाऱ्या माणसाचे आयुष्य बसण्यातच जाते. तरीही मागील श्रावणातील एका रविवारी मी आमच्या बाजारातील मंडळींबरोबर दोडामार्गाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका डोंगरी गडावर गेलो. मंडळींना मी इतिहासाच्या आवडीचे कारण दिले. खरे कारण निराळे होते. गडाच्या पायथ्याच्या वाडीत माझा धाकटा भाऊ राहतो, आणि येत्या चवथीला, म्हणजे गणपतीला, त्याने घरी यावे एवढीच माझी इच्छा होती.

आमचे मूळ घर लाटंबार्सेला. भाऊ खाणीवर ट्रक चालवीत असे. खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात उभा राहून गंजला आणि शेवटी मिळेल त्या किमतीला गेला. त्याच्या सासऱ्यांना मुलगा नाही. काजूची बाग आणि माड-पोफळींचे थोडे कुळागर पाहायला हाताशी माणूस नाही, म्हणून तो बायकोला घेऊन तिकडे राहायला गेला. भांडण असे काही झाले नाही. जाताना दोन वर्षे बघतो म्हणाला, आणि मी मान डोलावली.

त्याच वर्षी चवथीच्या आदल्या संध्याकाळी मी त्याची वाट पाहिली. त्या संध्याकाळी आमच्याकडे गणपतीच्या जागेवर माटोळी बांधतात. लाकडी चौकट आढ्याला टांगायची आणि तिला नारळाची पेंड म्हणजे घड, सुपारीची शिपटी, तोरिंगण, लाल कवंडळे, रानात मिळेल ती फळे-फुले बांधून खालून चौकट दिसेनाशी करायची. हे काम तो शाळकरी पोर असल्यापासून त्याचेच होते. तो स्टुलावर, मी खाली. मी सूचना करीत असे आणि तो त्यांपैकी एकही ऐकत नसे. माझी पत्नी वस्तू वर देताना आम्हा दोघांनाही हसत असे. त्या वर्षी तो आला नाही. दिवे लागले, जेवणाची वेळ झाली, तेव्हा शेजारच्या एका गृहस्थाला बोलावून मी चौकट भरून घेतली.

कोणी विचारील, की निरोप का धाडला नाही. याचे उत्तर असे आहे, की चवथीचे आमंत्रण पाहुण्याला असते. घरच्या माणसाला कोणी ये म्हणत नाही, तो येतोच. मी बोलावणे पाठविले असते तर माझ्याच तोंडाने तो पाहुणा ठरला असता. हा मुद्दा मी सर्व बाजूंनी तपासला आहे आणि तो मला आजही बिनतोड वाटतो. मी नववीपर्यंतच शिकलो. पण माझा मसुदा कचेरीतून परत येत नाही, हे वकीलसुद्धा मान्य करतात. अशा माणसाला या एका बाबतीत काय लिहावे ते सुचू नये, याचे मला नवल वाटत राहिले. चवथी येत गेल्या. आदल्या संध्याकाळी ओटीवर बसून रस्त्याकडे पाहण्याची मला सवय लागली.

तेव्हा गडाचा बेत कानी आला तसा मी लगेच होकार दिला. एकटा त्याच्या सासुरवाडीला गेलो असतो तर ते बोलावायला जाणे झाले असते. मंडळींबरोबर वाटेने जाताना भाऊ दारात दिसणे आणि दोन शब्द होणे, यात कोणाचाच कमीपणा नव्हता.

डिचोलीला पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, गरम उंडे आणि पातळ भाजी खाऊन आम्ही टेंपोत बसलो. आमचे पुढारी एक सेवानिवृत्त तलाठी. माझ्या शेजारी फार्मसीचे मालक बसले. जीभ मोकळी आणि मन त्याहून मोकळे असा हा माणूस. माझ्या हातातली लांब छत्री पाहून त्यांनी गडावर कोणाला अर्ज द्यायचा आहे काय, अशी चौकशी केली. सगळे हसले. मीही हसलो, पण लाटंबार्से मागे पडून राज्याची हद्द ओलांडली तेव्हापासून माझे लक्ष बाहेरच होते.

वाडीच्या तोंडाशी गाडी थांबली. श्रावणात गडाची वाट रानाने बुजते, म्हणून तलाठ्यांनी गावातला एक माणूस फोन करून ठरवला होता. तो माणूस वडाखाली उभा होता. कमरेला कोयता, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. तो माझा भाऊ होता.

तलाठ्यांनी एकेकाची ओळख करून दिली. माझ्यापाशी येताच हे आमचे अर्जनवीस, असे ते म्हणाले.

"ओळखतंय मी तेंका," भाऊ म्हणाला, आणि वळून चालू लागला.

फार्मसीवाल्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. माझी कीर्ती महाराष्ट्रात पोचल्याचे त्यांनी जाहीर केले. भावाचे केस मागून पांढरे झाले होते, तेवढेच मी पाहत होतो.

वाट एका वेळी एकच माणूस जाईल इतकी अरुंद होती. पुढे भाऊ, त्याच्यामागे फार्मसीवाले, मग मी, आणि बाकीची मंडळी पाठीमागे धापा टाकीत. पावसाची बारीक रिमझिम लागलेली, पायाखाली चिखल आणि दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या. भाऊ मागे वळून पाहत नव्हता. थोड्या वेळाने तो फार्मसीवाल्यांना म्हणाला, "छत्री मिटूक सांगा तेंका. करवंदीत अडकतली."

मी फार्मसीवाल्यांना म्हटले, की छत्री कुठे उघडावी आणि कुठे मिटावी हे मला कळते, असे त्यांना सांगावे. लगेच छत्री अडकली. भाऊ मागे आला, फांदी कापून छत्री सोडवली आणि पुन्हा पुढे गेला. त्यानंतर खडकावर शेवाळ असल्याचे, डावीकडून यायचे असल्याचे, पाणी हवे असल्यास झरा जवळ असल्याचे निरोप फार्मसीवाल्यांमार्फत माझ्यापर्यंत येत राहिले. माझ्याकडून त्याच वाटेने विचारणा गेली, की यंदा काजू कसा लागला होता, आणि सासऱ्यांचा गुडघा कसा आहे. सासऱ्यांचा गुडघा विचारला तेव्हा फार्मसीवाले थांबले. त्यांनी आधी भावाकडे पाहिले, मग माझ्याकडे. आम्ही दोघेही एक हात मागे कमरेवर ठेवून उभे होतो. आमचे वडीलही चढावर असेच उभे राहत.

"मी मघापासून म्हणतोय, मला पोस्टमन कित्याक केलाय," ते म्हणाले. "भाऊ आहात ना हो तुम्ही?"

भावाने वाटेवरची एक फांदी छाटायला घेतली आणि मी छत्री झटकू लागलो. आजवर कोणतीही गोष्ट मनात न ठेवणारा तो माणूस त्यावर एक शब्द बोलला नाही. बुटाची नाडी बांधायला म्हणून तो बाजूला बसला, मला पुढे जाऊ दिले, आणि पुन्हा आमच्या मध्ये आला नाही.

वर गडाचे फारसे काही उरलेले नाही. दरवाज्याची एक बाजू, पाण्याचे टाके, तटाची ओळ, आणि त्यात उगवलेले गवत. तलाठ्यांनी मंडळींना टाक्याकडे नेऊन माहिती सांगायला प्रारंभ केला. भाऊ तटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. मी त्याच्याशेजारी, पण थोडे अंतर ठेवून बसलो. ढग विरळ झाले तेव्हा खाली तिळारी धरणाच्या अंगाचे पाणी दिसले, आणि पार पलीकडे आमच्या बाजूच्या डोंगराची खाणीने कापलेली लाल कड. तो तिकडेच पाहत होता. तो येथे नेहमी येऊन बसत असेल काय, असे माझ्या मनात आले.

"माटोळी कोण बांधता आता?" त्याने विचारले.

मी शेजाऱ्याचे सांगितले. दोरी कोणती वापरतात, असे त्याने विचारले. नायलॉनची, असे मला सांगावे लागले. तो गालातल्या गालात हसला. त्या हसण्याने मला धीर आला. त्याच्या जाण्यानंतर माटोळीला कशी कळा राहिली नाही, त्याची वहिनी वस्तू वर देताना कशी गप्प असते, हे मी सांगू लागलो. तो ऐकत राहिला. मग म्हणाला,

"इतकी वर्सां मी वाट बघलंय, दादा. कोण ये म्हणाक नाय."

"घरच्या माणसाक कोण ये म्हणता काय?"

"मगे मी घरचो रवलंय काय नाय, ता माका खंयसून कळाचा?"

वर्षानुवर्षे तपासून ठेवलेला माझा मुद्दा जसाच्या तसा होता, त्यात कुठे चूक नव्हती, आणि तो तेथे काहीच उपयोगाचा नव्हता. हाही माझ्यासारखाच ओटीवर बसून रस्त्याकडे पाहत राहिला होता. दोन्ही घरांमध्ये एक हद्द आणि तासाभराची वाट. टाक्याकडून मंडळींच्या हसण्याचा आवाज येत होता. ती कोणत्याही क्षणी इकडे आली असती.

"चवथीक ये," मी म्हटले.

म्हणतानाच मला कळले की मी काय करीत आहे. तोही समजला असावा. त्याने गवताची एक काडी उपटून मोडली.

"येतंय," तो म्हणाला. "आमचो दीड दिसाचो. सासऱ्यांका आता बसवणा नाय, सगळा माकाच बघूचा पडता. ता झाला काय तिसऱ्या दिसा येतंय. जेवणाच्या वक्ताक."

जेवणाच्या वेळी पाहुणे येतात. मी आदली संध्याकाळ मागायला आलो होतो. पण त्याच्यावरही आता एका घराची माटोळी आहे, हे वाडीच्या तोंडाशी त्याला पाहिले तेव्हाच मला कळायला हवे होते. मी बरे म्हणालो. आमचा गणपती पाच दिवसांचा, तेव्हा तिसऱ्या दिवशी अडचण कोणतीच नव्हती.

उतरताना तो एका ठिकाणी वाट सोडून रानात शिरला. केवणीच्या काठ्या तोडून त्याने त्यांची साल ओढून काढली, तिचे वेटोळे केले आणि माझ्या हाती दिले. पूर्वी माटोळी बांधायला तो हीच साल आणीत असे.

"ह्या घेवन जावा. वाळली तर पाण्यात भिजत घाला. नायलॉन नको."

चवथीच्या आदल्या संध्याकाळी मी शेजाऱ्याला बोलावले नाही. स्वतः स्टुलावर चढलो. पत्नी खालून सूचना करीत होती. अक्षर वळणदार असलेल्या हाताला गाठ मारता येतेच असे नाही, हे मला त्या वयात कळले.

तिसऱ्या दिवशी तो आला. बायको बरोबर होती, आणि हातात मिठाईचा पुडा. त्याने पाय धुतले, गणपतीला नमस्कार केला आणि वर पाहिले. नारळाची पेंड एका बाजूला कलंडली होती. ती मलाही दिसत होती. त्याचा हात वर गेला. मग त्याने तो खाली आणला आणि खिशातला रुमाल काढून तोंड पुसले.

"बरी झाली हां माटोळी, दादा," तो म्हणाला. शेजारीपाजारी म्हणतात तसेच.

पत्नीने पाने मांडली. मी त्याला पहिल्या पानावर बसायला सांगितले, आणि तो बसला. जेवण झाल्यावर दुपारी उन्हे उतरायच्या आत ती दोघे निघाली. पुढचे दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी पेंड सरळ करून देण्याची तयारी दाखवी. मी कोणालाही हात लावू दिला नाही. विसर्जनापर्यंत ती तशीच कलंडलेली होती.