चिंधीकाकांची दुसरी खुर्ची

बारा मजली इमारतीच्या गच्चीवर बिनचालकाचे ड्रोन माणसं घेऊन उतरतात. तिथे कोपऱ्यात खुर्ची टाकून एक माणूस बसलेला असतो. सगळी इमारत त्याला चिंधीकाका म्हणते. वय एकसष्ट. आधी लिफ्ट दुरुस्त करायचे. बायको जाऊन सहा वर्षं झाली. आता काम एकच: विमानतळावरून ड्रोन निघण्याआधी कंट्रोलरूमचा फोन येतो, "येऊ दे का?" आणि काकांनी गच्चीवरचा वारा बघून हो किंवा नाही सांगायचं.

वाऱ्याला मीटर आहे की! पण ते बसवलंय पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. मोकळ्यावर लावलं तर ड्रोन कंपनीच्या जाहिरातीची पाटी झाकली जाते ना. बाहेर डोक्यावरची टोपी उडाली तरी मीटर आपलं गार. काकांनी तीन अर्ज दिले. तिन्हींना एकच उत्तर, 'नोंद घेतली आहे.' शाबास! मग काकांनीच मोकळ्या कडेला काठी उभी केली आणि तिला लाल चिंधी बांधली. लोंबत असली तर हो, ताठ आडवी झाली तर नाही.

कंपनीची पोरं खो खो हसली. हसणाऱ्यांना एवढं तरी कळावं, की ड्रोन सगळ्यात जास्त चार्ज खातो तो उतरताना. हवेत एका जागी उभं राहायचं, झोके सावरायचे, उतरणं फसलं तर पुन्हा वर चढून दुसरी गच्ची गाठायची. यंत्र हा सगळा हिशोब करतं आडोशातल्या मीटरवर. आतल्या माणसाच्या हातात ना चाक, ना ब्रेक. पट्टा आवळून बसायचं फक्त.

त्या मंगळवारी काकांनी गच्चीवर दुसरी खुर्ची आणून ठेवली. लेक येणार होती. दूरच्या देशात नर्स आहे ती. चार वर्षांनी या बाजूने जात होती, तेही विमान बदलायला. मध्ये साडेतीन तास. रस्त्याने यायलाच दोन तास, ड्रोनने अकरा मिनिटं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी दोनदा केली.

सव्वाअकराला चिंधी ताठ झाली. फोन वाजला.

"काका, एक प्रवासी आहे. मीटर आठ दाखवतंय. येऊ दे का?"

"चिंधी ताठ आहे पोरी."

"अहो, राहू दे तुमची चिंधी! उतरल्यावर अठरा टक्के चार्ज उरतोय. नियमात बसतंय सगळं."

"आठच्या वाऱ्याला. इथे तिपटीने आहे. मग उरतील का तुझे अठरा?"

"त्या बाई म्हणतायत, वडील वाट बघतायत."

काकांनी दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. "बघू देत," ते म्हणाले. "नाही म्हणून लिही."

पाच मिनिटांत लेकीचा फोन.

"बाबा, वरून कुणीतरी नाही म्हणालं म्हणे. कोण रे तो शहाणा?"

"मीच."



"दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर?"

"तिलाही नाहीच म्हटलं असतं."

"हो ना. मला वाटलं, मी तरी वेगळी असेन." मग, "जेवलास?"

"जेवलो," काका खोटं बोलले. "थांब थोडी. पडेल वारा."

ती थांबली. काका चिंधीकडे बघत उभे राहिले, बसलेच नाहीत. पाऊणच्या सुमारास तिचा निरोप आला, 'आत बोलावतायत. जाते. काळजी घे.'

चिंधी खाली आली ती दीड वाजता. त्या वाऱ्यात ड्रोन उतरला असता का? कुणाला ठाऊक. नाही म्हणणाऱ्याच्या नशिबी हेच. आपण बरोबर होतो, हे त्याला जन्मात कळत नाही.

"काका, दुसरा प्रवासी आहे. येऊ दे का?"

"येऊ दे."

अकरा मिनिटांनी ड्रोन अलगद टेकला. आतून बॅग सावरत एक गृहस्थ उतरले. "कळलंसुद्धा नाही हो, कधी आलो! पाय मात्र लटपटतायत. बसू का जरा?"

"बसा."

ते दुसऱ्या खुर्चीत टेकले, घाम पुसला. "कुणाची वाट बघत होतात का?"

"छे," काका म्हणाले. "लिफ्ट डाव्या हाताला आहे."